सोमार

अंगावरून वारं गेलं तेव्हा
मशीनवर एक झंपर अर्धा होता.
अजून अर्धाच आहे.
जिचा तो, ती विचारत नाही. मीही विषय काढत नाही.

बांबोळीच्या इस्पितळात दर मंगळवारी
आम्ही चौघं एकाच बाकावर.
दोघांची उजवी बाजू गेलेली, दोघांची डावी,
म्हणजे हिशेबाने दोन धडधाकट माणसं बसलीत,
असं रोहिदास म्हणायचा.
तो साखळीचा, वीस वर्षं खाणीच्या ट्रकवर.
खैरूनबी वाळपईची, बोलायला लागली की नर्स दार लावून घ्यायची.
आणि हळदोण्याचा कायतान,
जो लग्नांत टोस्ट द्यायचा,
अर्धा अर्धा तास, हातात ग्लास धरून,
वऱ्हाड हसून रडायचं.
त्याच्यापाशी सगळ्या भाषेतला एकच शब्द उरला:
सोमार.
पाणी हवं, सोमार.
खांदा दुखतोय, सोमार.
बायकोचं नाव सांगा, सोमार,
आणि मग मान खाली.

मार्चात दारं बंद झाली.
पोदेराचा भोंपू थांबला, बस थांबली,
आमचा मंगळवार थांबला.
टीव्हीवर लोक विचारत होते, घरात दिवस काढायचा कसा.
आम्हाला कुणी विचारलं नाही.
आम्हाला येत होतं.

रोहिदासच्या भाच्याने चौघांचे फोन जोडून दिले.
संध्याकाळी पाच वाजता खैरूनबीची शाळा:
दुखऱ्या हाताला पाहुणा समज,
बाही चढवताना आधी तो, उतरवताना शेवटी तो.
आदोळीवर नीट बैस, वाटी कलली की गुडघा लाव.
रडायचं असेल तर न्हाणीत नको, तिथे घसरायला होतं.
मग चालायचं. ज्याच्या त्याच्या घरात,
फोन खिडकीत ठेवून,
रोहिदास मोठ्याने फेऱ्या मोजायचा
आणि चार घरांतून चार फरफटणारे पाय ऐकू यायचे.
चाळिसाव्या फेरीला कायतान म्हणायचा, सोमार!
ग्लास उंच धरल्यासारखं.

वार कुणाच्याच ध्यानात राहत नव्हते तेव्हा.
आठवड्यातून एकदा तरी त्याचं बरोबर असायचं,
त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवायचो,
म्हणजे मांडीवर. एका हाताची टाळी
कशी वाजते ते आम्हाला विचारा.

सकाळी सातला साखळी चालायची:
रोहिदासचा मिस्ड कॉल कायतानला,
कायतानचा मला, माझा वाळपईला.
उठलो, एवढंच.
बायको बेळगावात लेकीकडे अडकलेली,
रोहिदास घरात एकटा.

एक दिवस सात वाजून गेले, सव्वासात झाले,
आणि फोन वाजायचा थांबेचना. उचलला.
सोमार, कायतान म्हणाला. सोमार सोमार.
पाण्याचा नव्हता. दुखण्याचा नव्हता.
एवढ्या महिन्यांत न ऐकलेला सोमार,
आणि मला कळला.

डाव्या अंगठ्याने तीनदा चुकला नंबर.
चौथ्यांदा लागला, शेजारच्या गॅरेजवाल्या च्यारीला.
त्याने कौलं काढून आत उडी घेतली.
बादली आणि दार यांच्यामध्ये, ओल्या लादीवर,
रोहिदास शुद्धीत होता, मोजत होता:
सतरा, सतरा, सतरा.

दारं पुन्हा उघडली तेव्हा बाक तोच,
मध्ये रिकामी जागा सोडून बसा म्हणणारी चिठ्ठी चिकटवलेली.
आम्ही तिच्यावरच बसलो.
रोहिदास आता चारचाकी वॉकरवर,
त्याला तो ट्रक म्हणतो, मागे घेताना तोंडाने वाजवतो.
नवी मुलगी आली, मास्कवर फुलं असलेली,
कायतानला विचारलं, काका, आज वार कोणता?
सोमार.
मंगळवार होता. तिने कागदावर फुली मारली.

खैरूनबी म्हणाली, पोरी, ती फुली खोड.
तू जेवलीस का, विचारतोय तो.