गुणिले ऐंशी

बरकाच्या प्लांटवर रात्रपाळी.
समुद्र एका बाजूनं आत येतो
आणि दुसऱ्या बाजूनं पाणी होऊन निघतो.
मीठ परत खाडीत.
मिठाला इथं कुणी विचारत नाही.

शैमा अल-बलूशी, वय एकवीस, आमची शिकाऊ,
सप्टेंबरात एका सत्रासाठी स्पेनला चाललीय.
"तुम्ही पण गेला होतात ना तिकडे? काय काय नेऊ?"
जाड कोट ने, म्हटलं,
आणि गेजवरचे आकडे वहीत उतरवत बसले.

मी नेला होता कुकर.
तीन लिटरचा, दोन जादा रिंगा,
आणि आईनं तीन पिशव्यांत गुंडाळलेलं मेतकूट,
जे विमानतळावरच्या कुत्र्यानं हुंगलं आणि सोडून दिलं.
आवेरोला घरमालकीण दोना इदालिना
गुडघा दाबत जिना चढली, म्हणाली, शाव्,
आणि माझ्या हातात चावी ठेवली.
मी त्या जिन्यात खुळ्यासारखी हसले.
साबण, बादली, कोबी,
अर्धं घर मला ओळखत होतं.
पगारसुद्धा. फक्त त्यांच्यात तो देतात,
आपल्यात घेतात.

कॉफी सत्तर सेंट, म्हणजे छप्पन रुपये.
लिस्बनची गाडी वीस युरो, म्हणजे सोळाशे,
म्हणजे कराडच्या खानावळीत पंधरा दिवस,
रविवारच्या फीस्टसकट.
नेवेना दारात उभी राहून हाका मारायची,
ग्नानदा! ग्नानदा!
ज्ञ तिला शेवटपर्यंत आला नाही.
खाली सगळे थांबलेले, टॉवेल खांद्यावर.
मी म्हणायचे, असाइनमेंट आहे.
असाइनमेंट नव्हती.
समुद्रापर्यंत बस होती, दोन पस्तीस.
एकशे अठ्ठ्याऐंशी.

जूनमध्ये चालत मिठागरांवर गेले, कारण चालणं फुकट.
शिरोड्याच्या मामाकडे असतात तसेच ढीग,
तसाच डोळ्यांत घुसणारा पांढरा.
एक म्हातारा लांब दांड्यानं
पाण्यावरून मिठाची साय काढत होता,
हळू, दुधावरची काढावी तशी, मोडू न देता.
मला बघून त्यानं मूठ पुढे केली.
मी किंमत विचारली.
त्याला कळली नसावी, किंवा कळली असावी.
हात झटकून तो पुन्हा कामाला लागला.
शून्य गुणिले ऐंशी.
मी तिथेच बांधावर बसले, संध्याकाळ होईपर्यंत,
जिभेवर एकेक खडा ठेवत.
पाच महिन्यांत तेवढा एक दिवस
मी जशीच्या तशी आणली.

बाकी आणले अकराशे युरो, शिष्यवृत्तीतून वाचवून.
त्यात बाबांचे दोन्ही मोतीबिंदू निघाले.
पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी माझे फोटो मागितले.
अकरा होते.
पुन्हा पहिल्यापासून बघितले, सावकाश.
"एवढेच?"

चूक झाली असं अजून म्हणवत नाही.
आता रियालला सव्वादोनशेनं गुणते.
लुलूत टोमॅटो निवडताना ओठ हलतात,
शेजारची बाई समजते, मी जप करतेय.

शेवटच्या टाकीत आम्ही चुनखडी सोडतो, मोजून.
एवढं निर्मळ पाणी जिभेला पाणी वाटत नाही.
आधी सगळं काढायचं,
मग थोडं परत घालायचं.
शैमा नमुन्याची बाटली भरते, उजेडात धरते,
झाकण घट्ट करत विचारते,
"अजून?"
"कुकर नको नेऊस."
"कुकर? कुकर कोण नेतं?"
तिला हसू आवरेना. अबाया तोंडाशी धरून
ती पंपांच्या आवाजावर हसत राहिली,
आणि मीही, पहाटेचे चार वाजलेले असताना,
हातातली वही बाजूला ठेवून.