विहर, बहात्तर पॉइंट

रुसे गावात, डॅन्यूबच्या वाऱ्याच्या तोंडावर,
मेतोदीच्या छापखान्यात मी खिळे जुळवायला लागले
तेव्हा त्यानं पहिल्या दिवशीच बजावलं :
सगळ्यात खालच्या खणाला हात लावायचा नाही,
तिथं विहर आहे.

आमच्याकडे विहर म्हणजे वावटळ.
जाड, काळाकुट्ट, बारा अंश उजवीकडे झुकलेला टाइप,
प्रत्येक अक्षराला जणू शेवटची बोट गाठायची घाई.
आमच्या लिपीतला सहा पायांचा झ
त्यात पळत सुटलेल्या खेकड्यासारखा दिसायचा.
दोन ओळी लावल्या की कागद ओरडायला लागे.
परिच्छेद लावू नकोस यात, मेतोदी म्हणे,
मिरची चवीला असते, पोटाला नाही.

म्हणून तीन शब्द, फार तर चार.
आज सर्कस.
शनिवारी कुस्त्या.
टरबुजं आली.
दुकान बंद होतंय, सगळं निम्म्यात
(हे एकाच चपलावाल्यानं सात वर्षं छापून घेतलं).

मरणाच्या चिठ्ठ्यांना मात्र वेगळा खण.
आमच्या गावात माणूस गेला की
फोटो आणि चार ओळी छापून
दारावर, खांबावर, लिंडनच्या बुंध्यावर चिकटवतात;
चाळीस दिवसांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा.
तो टाइप बारीक, ताठ,
चर्चमध्ये टोपी काढून उभा राहिल्यासारखा.

ऑक्टोबरात दोच्का आली. रुमाल भिजलेला.
भिंतीवरच्या सर्कशीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाली,
यात लाव त्याचं नाव.

बाई, यात कुस्त्या छापतात.

छापू देत.
चौतीस वर्षं टपालाची पिशवी घेऊन
तो नदीकाठानं सायकल मारत गेला, वारा समोरून.
मी त्याला सरळ असा कधी बघितलाच नाही.
पेटीत घालताना
सरळ करायला दोघं लागले.

मेतोदीनं चष्मा पुसला, मग उगाच परत पुसला.
लाव, मला म्हणाला,
आणि आतल्या खोलीत जाऊन
कागद मोजायला लागला, मोजलेलेच.

विहर लावताना एक गोष्ट कळते.
त्याचं अक्षर आपल्या ठोकळ्यात मावत नाही,
वरचा खांदा बाहेर येतो
आणि शेजारच्याच्या पाठीवर टेकतो.
सगळी ओळ अशी, एकमेकांवर भार टाकून.
शेवटच्याला पुढे कोणी नसतं.
यंत्राचा दाब आला की
तुटतं ते तेच.

सावा गेरगानोव.
व-पाशी माझा हात थांबला.
मग त्याच्या पुढे एक कोरा खिळा बसवला,
उंचीला बुटका, शाई न लागणारा,
नुसता टेकू.
कागदावर तो कुणालाच दिसणार नव्हता.

साठ प्रती काढल्या. एकही व तुटला नाही.
फोटोखाली नाव असं सुटलं होतं
की तारखा मागे राहिल्यासारख्या वाटत होत्या.
पाद्रीबाबांनी भुवया चढवल्या.
चपलावाल्यानं विचारलं, याचे जास्त पैसे घेता का?

शाळेपाशी मीच खळ लावत होते,
दोच्का खालून कागद धरून.
दप्तर एका खांद्यावर टाकलेला एक पोरगा थांबला,
अजून वाचायला शिकतच असावा,
नाव बघितलं, फोटोतली सायकल बघितली,
आणि म्हणाला, शर्यत कुठून सुटणार?

मी त्याला गप्प करणार होते.
दोच्का म्हणाली,
पोस्टासमोरून.