खसखस

तीन दिवस क्नेडलिक पाण्याच्या वाडग्यातच बसून होता.
अजगर, पण लहानखुरा; घाबरला की अंगाचा गोळा करतो,
म्हणून राडोव्हानने हे नाव ठेवलं,
आमच्याकडच्या उकडलेल्या कणकेच्या गोळ्याचं.
मला वाटलं, त्याला उकडत असेल.
ऑस्त्रावात, फेब्रुवारीत, कुणाला उकडतं?

पाणी बदलायला वाडगा उचलला
आणि तळाशी खसखस.
चष्मा लावला.
खसखस चालत होती.

डॉक्टर ह्लावाचोव्हा म्हणाल्या, माइट्स. रक्त पितात.
खवल्यांच्या आड, डोळ्याच्या कडेला, हनुवटीच्या खाचेत,
जिथे त्याचा हात पोचत नाही तिथे.
त्याला हातच नाहीत, मी म्हणाले.
त्या हसल्या नाहीत.
"नवीन काही आणलंत घरात?"
आणलं होतं. नाताळच्या बाजारातून,
झाडाच्या सालीचा एक पोकळ तुकडा, एकशे वीस कोरुना,
त्याला लपायला बरा म्हणून.
लाडाने आणलेलं असं अंगाशी येतं.
माझ्या नाही, त्याच्या.

साल दोन पिशव्यांत गाठ मारून कचऱ्यात.
भुसा, प्लास्टिकची पानं, लाकडी फळी, सगळं तिच्यामागून.
तळाला कोरा कागद.
काचेचे जोड, झाकणाच्या चिरा
दात घासायच्या जुन्या ब्रशने, कढत पाण्याने.
अंडी चिरांत असतात. दिसत नाहीत,
म्हणून पुन्हा घासायचं.
औषध डॉक्टरांनी दिलं तेच, चिठ्ठीत लिहिलं तेवढंच;
खालच्या मजल्यावरचा ओताकार
त्याच्या कुत्र्याची फवारणी घेऊन वर आला होता,
त्याला दारातूनच परत पाठवला.

मग आंघोळ.
बेसिनमध्ये कोमट पाणी. मनगटाला लावून पाहिलं,
मनगटाला अजून आठवत होतं.
डोकं वर धरायचं, बाकीचा सगळा पाण्यात.
एकोणीस वर्षं ट्राम चालवतेय मी,
लांब, जड, वळणावर वळणारं काही हाताशी असणं
मला नवीन नाही.
पण ट्राम दंडाला विळखा घालत नाही.

काळे ठिपके एकेक करून पाण्यावर आले.
उरलेले ओल्या कापसाने टिपले; हनुवटीखालचे सर्वांत चिवट.
राडोव्हान सात वर्षांचा असताना शाळेतून उवा घेऊन आला होता.
अशीच मान धरून बसवायचे दिव्याखाली.
तो भोकाड पसरायचा. एकदा चावलाही.
हा चावला नाही.
जीभ काढून माझ्या अंगठ्याचा वास घेतला
आणि विषय सोडून दिला.

दर चार दिवसांनी हेच. कॅलेंडरवर
रात्रपाळीच्या खुणांच्या मध्ये एक वेटोळं.
मार्चात त्याचे डोळे दुधाळ झाले, मग कात टाकली,
काढलेल्या मोज्यासारखी, उलटी, सबंध.
खिडकीशी धरली तर आत सहा-सात ठिपके अडकलेले.
पूर्वीच्या काती मी जपून ठेवल्यात, त्याला दाखवायला.
ही टाकून दिली.

ईस्टरला बहीण खसखस भरलेल्या गोड रोट्या घेऊन आली.
मी एक मोडली, आणि बराच वेळ बघत बसले,
हलते का.
"काय झालं, बोहदाना? जळल्यात का?"
नाही गं. छान झाल्यात.

एप्रिलात त्याला रात्रभर पांढऱ्या टॉवेलवर ठेवला.
सकाळी भिंग घेऊन दोऱ्यादोऱ्यात शोधलं. काही नाही.
वाडग्यात नुसतं पाणी.
पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही.

रविवारी स्टावांगरहून फोन.
आई, ब्रनोचा एक माणूस न्यायला तयार आहे त्याला,
पैसेही बरे देतोय. मी काही आता परत येत नाही, तू किती दिवस...
मधलं वाक्य त्याने पटकन म्हटलं,
चालत्या ट्राममधून उतरावं तसं.
मग विचारलं, माइट्स गेल्या ना?

मी काचेकडे पाहिलं.
दिव्याखाली गोळा होऊन पडला होता,
डोकं मधोमध ठेवून, स्वच्छ, चकचकीत.
नाही रे, म्हणाले. कालच दोन दिसल्या.
अशात कुणाच्या घरी द्यायचा नसतो.