चुकीची उत्तरं

रूबेन एकहर्स्ट, वय शहाऐंशी.
धंदा: शेताच्या कडेची जिवंत कुंपणं विणणे.
झटका मेंदूच्या डाव्या बाजूला.
उजवा हात गेला, आणि त्याच्यासोबत
पाणी, चमचा, रविवार,
बायकोचं नाव.

ससेक्समधल्या त्या लहानशा हॉस्पिटलात
मी बोलणं परत शिकवते, अकरा वर्षं झाली.
माझ्याकडे चित्रांची कार्डं आहेत, कोपरे झिजलेली.
कप दाखवला. तो कपाकडे बघत राहिला,
लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकाकडे बघावं तसा.
किल्ली. नाही.
कुत्रा. ओठ जुळले, सुटले. नाही.
मग झुडपांचं कुंपण.
"स्म्यूस," तो म्हणाला.
स्वच्छ. शंका नसलेलं.

मी रकान्यात लिहिलं: निरर्थक ध्वनी.
आणि फुली मारली.

दुपारी चीज सँडविच आलं.
डाव्या हाताने ताट सारून म्हणाला, "ॲम्परी."
खिडकीबाहेर ओल्या कुरणातून गाई गेल्या.
"स्टोच."
फुली. फुली.
डॉक्टर म्हणाले, होतं असं,
मेंदू खोटी नाणी पाडतो.

शनिवारी मुलगी आली, रोवेना,
हेस्टिंग्जहून दोन बस बदलून, बुटांना चिखल.
माझा कागद तिने उभ्याउभ्या वाचला
आणि हसायला लागली,
मग हसताहसता तिला खुर्ची लागली.
"अहो, स्म्यूस म्हणजे
कुंपणाच्या बुडाशी असतं ना भोक,
ससा, कोल्ह्याचं पिल्लू
रोज तिथूनच ये-जा करून
अंगाने पाडतात, ते.
बाबा नवं कुंपण विणताना ते बुजवायचे नाहीत.
ॲम्परी म्हणजे चीज उतरलंय.
स्टोच म्हणजे गुरांनी तुडवून केलेला राडा.
त्यांचं सगळं बरोबर आहे.
तुमच्याकडे कार्डं कमी आहेत."

मी ग्रंथालयात गेले.
बोलीभाषेचा जुना कोश तळघरातून वर आला,
त्याला ओल्या पोत्याचा वास.
काही शब्दांपुढे बारीक खंजीर छापलेला.
खंजीर म्हणजे: हा शब्द आता कुणी वापरत नाही.
कुणी नाही म्हणजे
वॉर्ड चार, खाट नऊ.

शेवटच्या पानांत एक होता, येप्सन.
दोन्ही तळहात कडेला कड लावून वाटीसारखे धरले
तर त्यांत मावेल तेवढं माप.
सांगायला कोशाला तीन ओळी लागल्या होत्या.
"ओंजळ," मी म्हणाले, मोठ्याने,
आणि समोरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं.
माझ्या आईच्या भाषेत हा शब्द
अजून रोज कामावर जातो.
त्याला खंजीर लागलेला नाही.
इथे मात्र पुढे तो, आणि पाठोपाठ
पानभर शब्द, ज्यांच्या मापाचे हात आता कुणाकडे नाहीत.

सोमवारी कार्डं काढलीच नाहीत.
रोवेनाने पिशवीभर हेझलनट आणले होते,
त्यांच्याच कुंपणातले.
त्याचा डावा तळहात मी उलगडला,
शेजारी माझा उजवा लावला,
आणि तिला म्हटलं, ओत.
ओंजळ व्हायला दोन हात लागतात,
ते एकाच माणसाचे हवेत असं कोशात नव्हतं.
मी वाट बघत होते. ये, येप्... मनातल्या मनात
त्याच्या वतीने ओठ हलवत.

पण आमचे हात नीट जुळले नव्हते.
त्याचा रुंद, राठ, अंगठ्यापाशी जुनी कोयत्याची खूण.
माझा लहान.
मधल्या फटीतून एक दाणा निसटला,
मागोमाग दुसरा, मग रांगच लागली.
त्याने फटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.
तोंडाची जी बाजू हलायची तेवढीच हलली.
"स्म्यूस," तो म्हणाला.

त्या दिवसाचा रकाना मी कोरा ठेवला.
वरिष्ठांनी कारण विचारलं.
कार्डं कमी पडली, म्हटलं.
एक दाणा खाटेखाली गेला होता,
तो शुक्रवारी झाडूवाल्याला सापडला,
त्याने विचारलं, हे काय.