ओली चीड

सदतीस वर्षं धुराडी झाडते आहे.
उत्तर कारेलियात माणसं पाद्र्याला फसवतील,
आरशाला नाही.
खालच्या दारातून तिरका धरला
की दिसतं कोणी किती घाई केली.

"चीड जाळू नये," ऊर्हो म्हणतो दर सप्टेंबरात,
"राळ असते तिच्यात. धुराडं पेटतं."
मी बादली सरकवते, हो म्हणत नाही.
बोटभर काजळी निघते त्याच्याकडे,
काळी, चकचकीत, काचेसारखी.
ब्रशला दाद देत नाही,
साखळीनं खरवडावी लागते.

कुंपणापलीकडे त्याचा भाऊ, ताइस्तो.
मासे धरायच्या एका जाळ्यावरून
अकरा वर्षं बोलणं नाही.
बांधावरचं चिडीचं झाड वादळात पडलं
तेव्हा यानं मंगळवारी आपल्या बाजूनं करवत लावली,
त्यानं शनिवारी त्याच्या.
मधला हातभर ओंडका
सीमेच्या दगडावर राहिला.
कोणाचा, ते ठरलं नाही.

ऊर्होनं आपला वाटा निळ्या ताडपत्रीत
पार जमिनीपर्यंत गुंडाळला,
आजाऱ्याला गुंडाळावं तसा,
आणि त्याच हिवाळ्यात चुलीत घातला.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात.
जळत नाही. उकळतं.
टोकांना फेस येतो, फुसफुसतं,
आणि जे जळायचं राहून जातं
ते वर जाऊन भिंतीला चिकटतं.

ताइस्तोनं मार्चमध्येच फोडलं, बर्फात उभं राहून.
खाली दोन वासे, वर नुसता पत्रा,
बाजू वाऱ्याला मोकळ्या.
दोन उन्हाळे हात लावला नाही.
खापा राखी पडल्या, टोकांना भेगाळल्या,
एकीवर दुसरी आपटली की
'ठप्प' नाही, 'टण्' म्हणू लागल्या.
त्याच्या धुराड्यात तपकिरी भुकटी,
फुंकरीनं उडेल अशी.
मजुरीवर चार खापा देतो तो मला, न बोलता.

काम झालं की ओढ बघायला
मी माझ्याजवळचं लाकूड पेटवते.
यंदा ऊर्होच्या चुलीत पेटवलं.
एका काडीत धडाडलं.
तडतड, ठिणग्या, राळेचा वास घरभर,
खिडकीवरचं दव ओघळलं.
अर्धा तास जेमतेम.
चिडीचं तेवढंच असतं,
रात्र काढायला बर्च लागतो.

चौथी खाप त्यानं हातात घेतली.
तिच्यात गंजलेला खिळा, भोवती निळसर डाग.
"इथे पाखरांचं खोकं होतं," म्हणाला.
"मी धरलं होतं. त्यानं ठोकलं."
मी ब्रश पुसत राहिले.

बऱ्याच वेळानं विचारलं,
"तो मधला... वाळायला किती लागेल?"
"सालीसकट? नाही वाळणार. आतून कुजेल."

पैसे मोजून दिले त्यानं, दोनदा मोजून.
खाप परत दिली नाही.
चुलीतही घातली नाही.