परांची

रविवारीही यावं लागतं.
पेशींना सुट्टी कळत नाही.
औसा रोडवर त्रेचाळीस डिग्री, रसवंतीची घुंगरं,
आत पेटीत मोजून सदतीस,
इलाही मिस्त्रींच्या अंगाएवढी ऊब.
ते स्वतः पलीकडे वॉर्डात,
पायाला बाहेरून लोखंडी कड्या.

कमरेच्या हाडातून चमचाभर मगज काढला होता.
त्यातल्या मोजक्या मूळपेशी,
काय व्हायचं ते अजून न ठरवलेल्या.
चरबी होतील, कूर्चा होतील, हाडही होतील.
माझा धाकटा भाऊ असाच:
बीएस्सी, पोलीस भरती, नाहीतर उदगीरला मामाचं दुकान.

ठोकळा एवढासा, चुन्याच्या जातीचा,
अनारशासारखी जाळी पडलेला.
पेशी भोकांत उतरतात, भिंती चाचपतात.
कडक भिंत लागली की म्हणे
त्यांना हाड आठवतं.

त्यांचं खाद्य गुलाबी. खाऊन झालं की पिवळं पडतं.
परवा रात्री लाइट गेली, जनरेटर कोरडा.
अँब्युलन्सच्या सोपानकडून बाटलीभर डिझेल मागून आणलं
आणि बॅटरीच्या उजेडात
रंग बघत बसले.

मिस्त्री तिसऱ्या मजल्यावरून पडले.
परांचीची बल्ली सटकली.
मी रिकामा ठोकळा दाखवला, तर अंगठ्यानं दाबून पाहिला,
वीट पाहतात तसा.
"हीबी परांचीच म्हणा की. काढायची कवा?"
काढायची नाही, म्हटलं.
हाड भरेल तशी विरत जाईल.
"किती दिवस?"
ताटलीत एकवीस. पायात वर्ष धरा.
"स्लॅबलाबी एकवीसच दिवस पाणी मारतो आमी,"
म्हणाले, आणि वॉर्डाच्या छताकडे बघत राहिले,
कुणाचं काम, कुठं माल कमी पडलाय ते वाचत.
हाडाचे मिस्त्री, असं म्हणणार होते.
जीभ चावली.

एकविसाव्या दिवशी एका ताटलीत रंग टाकला,
मंजिष्ठेच्या कुळातला लाल.
चुना धरला असेल तिथंच चढतो.
चढला.
मधोमध नाही. एका कडेला, नखाएवढा.

आज नवव्या महिन्याचा एक्स-रे.
जिथं नुसता काळोख होता तिथं
पिठूळ काहीतरी जमलंय.
डॉक्टर म्हणतात, घाई नको.
वरच्या टोकाला अजून केसाएवढी काळी रेघ.
मी बोट ठेवायच्या आधीच
कुबडी भिंतीला टेकवून मिस्त्रींनी ती पाहिली.
"सांधा हाय," म्हणाले.
"पाणी मारत ऱ्हावा."