घेतलीन

लॅटिनच्या आधी जी भाषा होती
तिचा एकही दगड सापडलेला नाही.
लेकी सापडल्या. लॅटिन, ओस्कन, उम्ब्रियन.
लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचं नाक काढायचं,
एवढंच मी रात्री करत बसतो.
काढलेल्या रूपाआधी फुली मारायची:
हे कोणी बोललेलं कोणी ऐकलेलं नाही.

घणसोली गावठाण, दुसरा मजला.
वहीत आज *एम.
उम्ब्रियनात त्याचा अर्थ घेणं, नुसतं घेणं.
लॅटिनात येईतो: विकत घेणं.
मधे कधीतरी कोणीतरी पैसे मोजले असणार,
किंवा मोजले असं लिहून ठेवलं.
मराठीत उतरवायला गेलो
तर दोन्हीकडे एकच शब्द पडला.
भाजी घेतली. जीव घेतला.

पलीकडे कॉटवर बा.
झटक्यानंतर नामं शाबूत आहेत:
खाजण. बांध. मिठागर. जिताडा. सिडको.
क्रियापदं गेली.
कोतवालबाई चित्रांचे पत्ते घेऊन येतात.
मुलगा काय करतोय, काका?
मुलगा, म्हणतात बा. मग, चेंडू.
मधली जागा हाताने दाखवतात,
पाग फेकल्यासारखी.

काल साडेबारा टक्क्यांची फाईल खाली पडली.
बा म्हणाले, जमीन.
म्हणाले, सिडको.
आणि थांबले.

मी पर्याय मांडले, वहीत मांडतो तसे.
*दिली?
*विकली?
*गेली?
तिन्हींना मान आडवी.
घेतली?
मान हलली नाही. तोंड उघडं,
जीभ दातांमागे टेकून राहिलेली.

आमच्या बोलीत शेवटाला एक न लागतो.
घेतली म्हटलं तर कोणीही घेतली असेल,
भरतीनेसुद्धा.
घेतलीन म्हटलं की घेणारा दारात येऊन उभा राहतो.
तो न शाळेत पाचवीच्या आत माझ्या तोंडातून गेला,
हसले होते सगळे.
मीही हसलो होतो.

घेतलीन, मी म्हणालो.
चाळीस वर्षांनी. जरा वाकडाच आला.

हां, म्हणाले बा.
मग हात पुढे करून: दे दे.

ओस्कन देदेद, उम्ब्रियन देदे: त्याने दिलं.
आपल्यात ती आज्ञा.
मी पाणी दिलं. चष्मा दिला.
फाईल दिली, ती त्यांनी बाजूला सारली.
पेनही दिलं.

वहीत लिहिलं: दे दे. ऐकलेलं. फुली नको.
मागे वळलो तर
हात अजून तसाच, उघडा.